मिरचीच्या सरीतलं इंग्रजी

मी चौथी पास आहे. इंग्रजी मला येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नव्हती. तरी त्या भाषेत 'आणि', 'सोबत', 'मिळून', 'शिवाय' कसं म्हणतात ते मला पाठ आहे. ते सुनेमुळं झालं.

सुनेनं लग्नाआधी नर्सचा कोर्स केला होता. सरकारी दवाखान्याच्या जागा निघाल्या की ती अर्ज भरायची आणि इंग्रजीत नापास व्हायची. घरी नवऱ्याचा मार खायची. नवरा म्हणजे माझा मुलगा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मारतात, असं लोक सांगतात ते खोटं आहे. त्याचे हात शिवशिवायचे आणि ती समोर असायची, एवढंच कारण. त्याचा बाप तसाच होता. बापानं मला एकदा विहिरीच्या कठड्यावर आपटलं, तेव्हापासून माझा डावा खांदा वर जात नाही. माझी सासू तेव्हा तिथंच ज्वारी पाखडत होती. रक्त उडू नये म्हणून तिनं सूप जरा बाजूला सरकवलं आणि पाखडत राहिली.

सुनेचं पहिलं गाईड मुलानं चुलीत घातलं. दुसरं तिनं घरी आणलंच नाही. भाकरीच्या पिशवीतून ते परस्पर शेतात नेलं आणि तिथंच बांधावरच्या डब्यात दडवलं. आमची मिरची होती. तोडणीच्या दिवसांत सकाळपासून वाकायचं, दुपारनंतर गोण्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जायच्या. तोडताना हात मोकळे नसतात, पुस्तक धरणार कसं? म्हणून एक दिवस ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही पाहून इचारता का? मराठीतून इचारा, मी इंग्रजीत सांगते."

मला काही तिची कणव आली नव्हती. घरात एक पगार आला तर माझ्या गोळ्या वेळेवर येतील, एवढा माझा हिशेब. गाईडात इंग्रजी शब्दाशेजारी त्याचा उच्चार मराठी अक्षरांत छापला होता आणि खाली अर्थ. म्हणजे मला तपासता येत होतं. मी सकाळी पान पाहून घ्यायची आणि सरीत वाकल्या वाकल्या विचारायची.

"च्या सोबत?"

"विथ. अलाँग विथ."

"मिळून?"

"टुगेदर."

"दोघं पण?"

"बोथ."

"याच्याशिवाय आणखी?"

"बिसाइड्स. इन अ‍ॅडिशन टू."

"पुस्तकात अजून एक हाय."

"मोरओव्हर!" ती पलीकडच्या सरीतून ओरडायची.

मला वाटलं होतं इंग्रजांचं काम एका 'अँड'वर भागत असेल. जोडायलाच इतके शब्द लागतात म्हणजे त्यांच्यातही फार तुटत असेल. गाईडातल्या वाक्यांमधलं घर मात्र फार चांगलं होतं. तिथं आई आणि बाबा दोघं पण हसायचे, सगळे मिळून जेवायचे, आजी नातवंडांसोबत बागेत जायची. त्या घरात कुणी कुणाला लाथ घालत नव्हतं. सून ती वाक्यं म्हणायची तेव्हा तिच्या ओठावर खपली असायची. 'बोथ' म्हणताना ओठ मिटावे लागतात, तेव्हा ती उकलायची आणि ती थुंकून पुढचा शब्द सांगायची.

तोडणीला रोजानं येणारी धावडा गावची एक बाई होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. "आवं म्हातारे, यम काय इंग्रजीतून बोलून राह्यला का तुमच्याशी?"

"तुला न्यायला आला तर मराठीतच येईल," मी म्हटलं. "तू वाक अन् तोड."

सगळ्या हसल्या. हे हसणंच गावात गेलं. बाजारात गोण्या उतरवताना कुणीतरी मुलाला म्हटलं, "काय रे, तुझी बायको अन् माय दोघी मिळून इंग्रजीत काय ठरवून राह्यल्या? तुला कळू नाही म्हून का?" आम्ही पाठांतर करत होतो. त्याला वाटलं, त्याच्याविरुद्ध आम्ही काहीतरी शिजवतोय.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याला होती. तो दिवस कलताना बाजारातून तसाच शेतात आला. हातात ठिबकच्या नळीचा तुकडा होता. "बोल," तिला म्हणाला, "आता बोल इंग्रजी. काय ठरवलं तुम्ही? कुठं पळून राह्यली?"

तिनं तोंड उघडायच्या आत नळी गालावर बसली. मग पाठीवर, मानेवर. नळी हातातून सुटली तेव्हा त्यानं केस धरले आणि बुक्की मारली. डोळा तिथल्या तिथं मिटला. ती सरीत पडली, मिरचीची झाडं मोडली, झाडांखाली अंथरलेला मल्चिंगचा कागद फाटला. तोडणीच्या बाया हातातल्या मिरच्या हातात धरून उभ्या होत्या. नवरा-बायकोत कुणी पडत नाही आमच्याकडं.

मग त्यानं लाथ उचलली. पोटावर.

माझ्या ओटीत मिरच्या होत्या. मी दोन्ही मुठी भरल्या, कचाकचा चुरगळल्या आणि मागून त्याच्या डोळ्यांत चोळल्या. चांगल्या चोळल्या. खांदा वर जात नाही म्हटलं ना, त्या दिवशी गेला. तो गुरासारखा ओरडला. मला कोपर मारलं, माझा दात पडला, तरी मी सोडलं नाही. शेवटी तो चाचपडत ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी गेला, पाणी सोडून त्याच्याखाली डोकं घातलं आणि, "माय, मेलो गं, माय," करत राहिला.

"मरत न्हाई," मी म्हटलं. "आग व्हते फक्त. जा, बाजार कर जल्दी. गोण्या पडून राह्यल्या."

सुनेला उठवलं. हॉलतिकीट भाकरीच्या पिशवीतच होतं. आम्ही घरी गेलोच नाही. सडकेवर येऊन गाडीत बसलो, भोकरदनहून एस.टी. धरली. गाडीत माणसं आमच्याकडं बघत होती. मी पदरात रक्त थुंकत होते आणि तिचा चेहरा सुजून सुजून दुसराच होत होता.

रात्र जालन्याच्या स्टँडवर काढली आणि सकाळी परीक्षेच्या फाटकावर त्या सुजेमुळंच अडलं. तपासणाऱ्या मॅडमनं हॉलतिकिटावरचा फोटो पाहिला, हिच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "या त्या नाहीत."

"हीच हाय," मी म्हटलं. "मारलेली हाय. सूज उतरली की बराबर हीच निघंल."

"तुम्ही कोण?"

"मारणाऱ्याची माय."

मॅडमनं फोटो परत एकदा पाहिला. मग अंगठ्याचं यंत्र पुढं केलं. अंगठा उमटेना. मिरचीनं कातडी गेलेली. मागची पोरं कुरकुरायला लागली, फाटक बंद व्हायची वेळ झाली. सुनेनं अंगठा साडीवर घासला, पुन्हा ठेवला. मग घासला, पुन्हा ठेवला. शेवटी यंत्र वाजलं. "जा आत," मॅडम म्हणाल्या. ती एका डोळ्यानं जिना बघत वर गेली.

त्या वेळी तिचा नंबर लागला नाही. ती परीक्षेहून तशीच माहेरी केदारखेड्याला गेली होती, तिथून पुढच्या भरतीत लागली. आता ती दुसऱ्या तालुक्यात दवाखान्यात असते. मुलगा एकदा तिला आणायला गेला होता. दवाखान्याच्या आवारातच त्यानं हात उचलला, तर तिथल्या लोकांनी त्याला इतकं बदडलं की बरगडी गेली. मी त्याला शेक दिला. पण तिला फोन करून परत ये म्हटलं नाही. तिनं मला तिकडं बोलावलं होतं, तेही गेले नाही. शेत माझ्या नावावर आहे आणि ते मी त्याच्या हातात देणार नाही.

आता घरात आम्ही दोघंच आहोत. तो माझ्याशी बोलत नाही. भाकरी मी करते, तो खातो. परवा कालवणावरून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. मी उचललं नाही. मुंग्या झाल्या, मांजर येऊन चाटून गेलं. दुसऱ्या दिवशी भूक लागली तेव्हा त्यानंच ते उचललं, घासलं आणि माझ्यासमोर धरलं.