उणे चव्वेचाळीस

धाकट्या भावाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला त्याचा ड्रोन आमच्याच घरात सापडला. कणगीमागे, खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला होता. एक हात मोडलेला आणि पोटाला रानातली काळी माती वाळून चिकटलेली. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आबांनी गोफणीनं पाडल्यालं ड्रोन हाय ते. सर्व्हेवाल्याचं असंल म्हनले. असू दे तितंच."

ड्रोन पाडल्याचं मला माहीत होतं. तो कुणाचा, हे माहीत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाशी तालुक्यात ड्रोनची आवई उठली होती. चोर वरून घरं हेरतात, खुणा करून जातात, असं जो तो सांगत होता. चोरी एकाही घरी झाली नाही, पण आवईला पुरावा कधी लागला आहे? थंडीत ती विझत आली, आणि नेमकं तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भरदुपारी मचाणावरून पाखरं राखता राखता एका धोंड्यात ड्रोन खाली आणला. मग काय विचारता! गावानं त्यांना पारावर बसवून चहा पाजला, टॉवेल-टोपी दिली. मी धाराशिवला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते, रविवारी तेवढी गावी येते. बातमी ऐकून मी फोनवर थट्टा केली, "आबा, आता विमानं तेवढी सोडा बरं का." ते हसले नाहीत. "ठिवतो," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर अकराव्या दिवशी धाकटा येडशीच्या अलीकडे मोटरसायकलवरून पडला. त्याचा फोन चुरा झाला होता आणि त्याला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्या खोलीवर कपडे सापडले, चार्जर सापडले, दोन जादा बॅटऱ्या सापडल्या, पण ड्रोन सापडला नाही. विकला असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी पोत्यातल्या यंत्रात त्यातलीच एक बॅटरी मी सहज बसवून बघितली, आणि ती खटकन बसली. हिरवा दिवा लागला. माझ्या लॅपटॉपवर वायफायचं एक नवं नाव आलं: 'पाखरू'.

ते नाव आबांनी दिलेलं, तेही शिवी म्हणून. दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं पोलीस भरतीचा सराव सोडला आणि जुना ड्रोन घेऊन लग्नाच्या शूटिंगला जाऊ लागला. आबांचा पारा चढला. "पाखरं राखायची सोडून सोताच पाखरू व्हायलाय. व्हय बाबा, व्हय पाखरू! पर माज्या रानात पाय ठिवायचा न्हाय." तोही त्यांचाच. खाण तशी माती. "न्हाय ठेवत," म्हणाला आणि येडशीला खोली करून राहिला. आईनं मध्ये पडून बघितलं, मी पडून बघितलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी दोघांची जात.

या ड्रोनच्या पोटात एक छोटं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, असतं. लोकांना वाटतं की पंखे आणि कॅमेरा एवढंच, पण आत अख्खा एक कॉम्प्युटर बसलेला असतो, आणि तो जे होईल ते लिहून ठेवत असतो. आत शिरायला पासवर्डसुद्धा लागला नाही. दार उघडंच होतं. कॅमेऱ्याचं कार्ड जागेवर नव्हतं, पडताना कुठेतरी उडालं असणार, म्हणजे एकही चित्र नाही. नुसती अक्षरं आणि आकडे.

सगळ्यात आधी दिसल्या त्यानं टाइप केलेल्या जुन्या आज्ञा. लिनक्स मीच त्याला शिकवलं होतं, लॅबमधल्या भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरवर. फायलींची यादी बघायला 'एलएस' लिहायचं असतं. हा घाईत कायम 'एसएल' लिहायचा. मी टपली मारायचे, तो म्हणायचा, "ताई, मंत्र उलटा म्हणला तर भूत येतंय का?" पडद्यावर ओळीच्या ओळी होत्या. एसएल. एसएल. एलएस. पुन्हा एसएल. मला रडू आवरेना, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली. माणूस जातो आणि त्याची चूक मागे राहून जशीच्या तशी चुकत राहते.

मग मी उड्डाणांच्या नोंदी उघडल्या. ड्रोन जिथून उडतो त्या जागेला हे यंत्र 'होम' म्हणतं. लग्नकार्यांची होम वेगवेगळी होती, वाशी, परंडा, कुठली कुठली. पण दोन्ही वर्षी ज्वारी राखणीला आली की दर आठ-दहा दिवसांनी एक होम परत परत येत होतं. मी ते नकाशावर टाकलं. आमच्या रानाच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी आहे, ती जागा. तिथून ड्रोन उडायचा, दोन शेतं ओलांडून आमच्या ज्वारीवर यायचा, मचाणाच्या वर तीनेक मिनिटं थांबायचा आणि परत जायचा. असं वीसेक वेळा झालं होतं.

पाय ठेवायचा नाही, असं आबा म्हणाले होते. त्यानं पाय ठेवला नव्हता.

आता माझा राग आबांवर. दोन वर्षं पोरगं वरून बघून जात होतं आणि यांनी त्याला धोंडा मारला. वर गावाकडून टोपी घालून घेतली! ती बातमी येडशीला पोचली नसेल, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

शेवटच्या दिवसाची नोंद मी दोन दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा कळलं की पडल्यावरही यंत्र बंद झालं नव्हतं. पंखा मोडला, पण बॅटरी चालू होती. धाकट्यानं आत स्वतःची एक छोटी आज्ञावली लिहून ठेवली होती. मोरीपासून रान लांब, फोनचा सिग्नल तुटेल याची त्याला धास्ती असणार. म्हणून दर दोन सेकंदांनी ती फोनच्या सिग्नलचा जोर लिहायची. हे आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ, तितका फोन जवळ. आणि फोन सापडलाच नाही, तर त्यानं आपल्या बोलीत लिहायला लावलं होतं: 'कुणी न्हाय'.

ड्रोन पडला तेव्हा आकडा उणे ऐंशी होता. मग काही वेळ 'कुणी न्हाय, कुणी न्हाय'. मग उणे अठ्ठ्याहत्तर. सत्तर. एकसष्ट. बावन्न. मी खुर्चीत पुढे सरकत गेले, जणू मी सरकले की तोही सरकेल. उणे चव्वेचाळीस. तिथे आकडा थांबला. पंचेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस, पुन्हा चव्वेचाळीस. सात मिनिटं. मग बावन्न, साठ, पंचाहत्तर, आणि पुढे बॅटरी संपेपर्यंत एकच ओळ. कुणी न्हाय.

तो आला होता. कुठपर्यंत, ते मला हवं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी ड्रोन घेऊन रानात गेले. ज्वारी अजून उभी होती. यंत्र पडलं तिथली चार-सहा ताटं मोडलेली होती, तिथेच ते ठेवलं, शेजारी लॅपटॉप ठेवला. त्याच्या आज्ञावलीत त्याच्या फोनच्या जागी माझ्या फोनची ओळख घातली आणि फोन हातात धरून चालत सुटले. दर ठिकाणी थोडं थांबायचं, वेळ लिहून घ्यायची, परत येऊन आकडे बघायचे. मोरीवर 'कुणी न्हाय'. शेजाऱ्याच्या तुरीत उणे साठ. आमच्या ज्वारीत आत शिरलं की तिशीत. आणि बांधाच्या पलीकडच्या कडेला, बोरीच्या झुडपाजवळ, उणे चव्वेचाळीस. मी तीनदा करून बघितलं.

बांधापर्यंत आला होता. ड्रोन दिसत असेल तिथून, वीस पावलांवर. सात मिनिटं उभा राहिला आणि गेला.

मागे ताटं वाजली. आबा होते. तेराव्यानंतर ते मचाणावर चढायचे, पण गोफण घरीच ठेवायचे. पाखरं खुशाल कणसं सोलत होती.

"काय करायलीस बाई?"

सांगायचं की नाही, हे मी आठवडाभर घोळवत होते. त्या क्षणी घोळवलं नाही. मला त्यांना दुखवायचं होतं, हे मी आज कबूल करते.

"हा सर्व्हेवाल्याचा ड्रोन नाही, आबा. धाकट्याचा आहे. तुम्ही धोंडा मारलात, तरीपण तो न्यायला आला होता. त्या बोरीपर्यंत. सात मिनिटं उभा होता तिथं."

आबा बोरीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता खाली बसतील.

"त्येचंच हाय, ठावं हुतं मला," ते म्हणाले. "पयल्याच खेपंला वळखलं. दुसरं कोन येतंय माज्या डोक्यावर उभं ऱ्हायला?"

"मग मारलंत कशाला?"

"दोन साल झाली की बाई. माज्या तोंडून ये निघंना. म्हनलं, पडलं तर न्यायला तरी येईल. पाय ठिवल रानात. एकदा ठिवला की मग काय ऱ्हातंय?" त्यांनी विहिरीकडे हात केला. "मला बघून लाजंल, म्हनून मचानावरनं उतरलो आन् हिरीमागं जाऊन बसलो. लई येळ बसलो. कुणी आलं न्हाय असंच वाटलं मला. मग गावातली पोरं आली बोंबलत, आन् त्येंनी उचललं."

विहीर रानाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून बांध दिसत नाही, आणि बांधावरून विहिरीमागचा माणूस दिसत नाही. धाकट्याला दिसलं असणार ते रिकामं मचाण. बापानं धोंडा मारला आणि तोंडही न दाखवता निघून गेला, असंच त्याला वाटलं असेल. आणि तेच घेऊन तो पुढचे अकरा दिवस जगला.

"आता काय म्हनतंय ते?" आबांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

माझा फोन माझ्या हातात होता. "मी जवळ आहे, म्हणून माझा आकडा दाखवतंय."

"दी तो हिकडं."

फोन घेऊन ते ज्वारीतून चालत गेले. मी पडद्यासमोर उकिडवी बसले. उणे तीस. छत्तीस. एक्केचाळीस. बांध उतरून ते पलीकडे बोरीजवळ गेले आणि रानाकडे तोंड करून उभे राहिले. उणे चव्वेचाळीस. मी थोडा वेळ वाट बघितली. मग उभी राहून हाक मारली, "आबा, या आता." त्यांनी ऐकलं, मान हलवली, पण पाय उचलला नाही.

"आबा, आत या ना!"

मी खाली बघितलं. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. त्या दिवशीही असाच आकडा पडत होता, आणि तेव्हा 'आत ये' म्हणायला रानात कुणी न्हाय.