व्हिएन्नातली संकष्टी

आईनं जाहीर केलं की डिसेंबरात ती नाशिकला जाणार आणि आता परत येणार नाही. तेव्हा मी आधी भांडले, मग रडले, आणि मग लॅपटॉप उघडून व्हिएन्ना शहरात एका दिवसात काय काय खाता येतं ते शोधायला बसले. माझं हे असंच आहे. वाईट वाटलं की मी प्लॅनिंग करते.

बाबा गेले आणि आई अमेरिकेत श्रूजबरीला आमच्याकडे राहायला आली, त्याला सहा हिवाळे झाले. नाशिकला माझी मावशी एकटी आहे. दोघी बहिणींचं फोनवर आधीच ठरलं होतं, मला फक्त कळवण्यात आलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय कमी आहे ते तरी सांग." आई म्हणाली, "कमी काही नाही गं," आणि मेथी निवडायला लागली. चार-पाच वेळा विचारलं, दरवेळी हेच उत्तर. भांडायला समोरचा माणूस तरी भांडणारा हवा ना! मी आपली एकटीच चडफडत राहिले.

तिला पोचवायला मी जाणार होतेच. तिकीट काढताना दिसलं की व्हिएन्नाला सकाळी उतरून दुसऱ्या दिवशी सकाळचं मुंबईचं विमान घेता येतं. मधे एक अख्खा दिवस. सहा वर्षं या बाईनं मला ऑफिसमधून आल्या आल्या गरम पोळी वाढली होती. आता एक दिवस ती खुर्चीवर बसेल आणि दुसरं कुणीतरी तिच्या पुढ्यात ताट आणून ठेवेल. हे मला फारच आवडलं. व्हिसासाठी तिला बॉस्टनला नेऊन बोटांचे ठसेसुद्धा देऊन आणले. मनात आणखी एक होतं, ते लपवत नाही. दिवस इतका छान जायला हवा होता की तिला वाटावं, लेकीजवळच बरं आहे, परत जावं. नवरा म्हणाला, "तू आईंना लाच देतेयस."

"देतेय. मग?"

मग रोज संध्याकाळी आमची बैठक बसायला लागली. ऑफिसचं उरलेलं काम वरच्या खोलीत संपवून मी खाली यायची, सोफ्यावर आईशेजारी बसायची, दोघींच्या पायांवर एकच पांघरूण, माझ्या मांडीवर लॅपटॉप. सकाळी जुन्या कॉफीहाऊसमध्ये कॉफी आणि जॅमचा बन. मग बाजारात फिरत चीज, ऑलिव्ह, लोणच्याच्या काकड्या. दुपारी भोपळ्याचं सूप. संध्याकाळी नाताळच्या बाजारात उकडीच्या गोळ्यांसारखं काहीतरी, आणि शेवटी चॉकलेट केक. आई एकेका फोटोवर बोट ठेवून प्रश्न विचारायची. "या सुपात हाड टाकत नाहीत ना? नीट विचार हो." "एवढी मोठी बशी आणि त्यात एवढासा केक?" "ही बाई एवढ्या थंडीत उघड्यावर उभी राहून काय खातेय?" मी हसायची, ती हसायची. एकदा तर आठ वाजताचा कॉल मी सरळ कॅन्सल केला, कारण सूप कुठलं प्यायचं यावर आमचं एकमत होईना. बाहेर नवऱ्याचं बर्फ उपसणं चाललेलं, आत आमची युरोपची वारी, म्हणजे बसल्या जागी. मला तर वाटायला लागलं, आता आईचं मन बदलणार.

तेवढ्यात मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मी मोठ्या फुशारकीनं तिला सगळा प्लॅन वाचून दाखवला. मावशीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "सगळं झकास आहे. पण अगं, त्या दिवशी संकष्टी आहे ना? ताई खाणार काय?"

झालं! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दर संकष्टीला आईचा दिवसभर उपास असतो. चंद्र उगवल्यावर गणपतीला नैवेद्य दाखवून मगच ती जेवते. माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. आणि मी मूर्खानं बरोबर त्याच दिवशी तिला शहरभर खायला घालायचं ठरवलं होतं. कपाळ माझं!

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, आहे खरी त्या दिवशी."

"मग एक दिवस सोड ना उपास! प्रवासात चालतं."

"चालत असेल. मला नाही चालत."

"तुझा गणपती इतका रागीट आहे का?"

"तो नाही गं. तूच आहेस," आई म्हणाली. फोनमध्ये मावशी खो खो हसायला लागली, तेव्हा मी फोनच ठेवून दिला.

मग मी वकिली करून पाहिली. नाशिकला चंद्र उगवतो तेव्हा व्हिएन्नाला जेमतेम दुपार कलत असते. म्हटलं, "तू आता नाशिकचीच ना? मग नाशिकच्या चंद्रावर सोड उपास. चार-सव्वाचारला मोकळी होशील." आई म्हणाली, "मी असेन तिथला चंद्र. इथे आल्यापासून श्रूजबरीचाच पाहत आले की नाही?" ते खरंच होतं. कोट, टोपी, माझ्या मुलीचे जुने बूट असा अवतार करून ती घरामागच्या लाकडी डेकवर उभी राहायची आणि शेजाऱ्यांच्या झाडांमधून चंद्र दिसेपर्यंत आत यायची नाही. शेजाऱ्यांना काय वाटत असेल, देव जाणे. तिथेच मी हात टेकले.

तिकीट बदलायला निघाले होते, पण थँक्सगिव्हिंगला मुलगी कॉलेजमधून घरी आली आणि तिनं मला थांबवलं. "मॉम, रिलॅक्स. आपण आजीसाठी फास्टिंग फूड टूर करू." मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती आजीशेजारी जाऊन बसली आणि शोधायला लागली. व्हिएन्नात हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला भट्टीवर चेस्टनट भाजतात आणि त्यांच्याबरोबर बटाटेही. बटाटा म्हटल्यावर आईचा चेहरा खुलला. बटाट्याला कुणाची हरकत नसते. घोडं अडलं ते चेस्टनटवर.

"आजी, इट्स अ नट. शेंगदाणे खातेस ना तू?"

"शेंगदाणे आमच्या यादीतले आहेत. हे कोण?"

मी म्हटलं, "शिंगाड्यासारखंच लागतं. शिंगाडा चालतो ना उपासाला?"

"शिंगाडा पाण्यातला. हे झाडावरचं."

"मग फळच झालं की!" माझा नवरा स्वयंपाकघरातून ओरडला. याला मध्ये कुणी बोलावलं होतं? पण आई विचारात पडली आणि म्हणाली, "फळ म्हणता? मग बघू." असा चेस्टनट पास झाला. कॉफी चालणारच होती. हॉट चॉकलेटवर पुन्हा वाद झाला, पण दूध आणि साखर यांच्या जोरावर तेही आत आलं. चीजला आईनं दह्याचं नातेवाईक म्हणून माफ केलं. लोणच्याच्या काकड्यांना मात्र थारा नाही.

त्या दिवशी तिथे चंद्र संध्याकाळी सातच्या सुमारास उगवणार होता, म्हणजे बाजार चांगला उघडा असताना. सगळी टूर आम्ही उलटी केली. दिवसा भट्ट्या आणि कॉफीहाऊस, सातनंतर खरं जेवण. ढग असले तर? आई म्हणाली, "ढग असले तर वेळेवर हात जोडायचे. त्याला सगळं दिसतं." नैवेद्याला चॉकलेट केक बाद, त्यात अंडं. "आपण खाऊ नंतर, देवाला नको," असा निकाल लागला. त्याऐवजी सफरचंदाचं सारण भरलेलं स्ट्रूडल. त्याचा फोटो आईनं मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "ही तर करंजीच आहे. नुसती लांब केलीय." मुलीनं टाळी दिली. खरं सांगते, आधीच्यापेक्षा हा प्लॅन मला जास्त आवडला.

मुलगी कॉलेजला परत गेली. त्यानंतर एका संध्याकाळी मी शेवटी रात्रीचं हॉटेलही बुक केलं आणि म्हटलं, "संपलं बाई." लॅपटॉप मिटता मिटता सहज मनात आलं ते विचारलं. "आई, तू तर वर्षभराच्या संकष्ट्या आधीच पाहून ठेवतेस. तुला कसं लक्षात आलं नाही?"

"आलं होतं की. तू तिकीट काढलंस त्याच दिवशी."

मी उडालेच. "मग बोलली का नाहीस? मी वेड्यासारखी सुपं शोधत बसले होते!"

आई पांघरुणाची घडी घालत होती. घालता घालता म्हणाली, "बोलले असते तर तू तारीख बदलली असतीस आणि पुन्हा वर आपल्या खोलीत गेली असतीस. रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसत होतीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला काय करायचंय त्या सुपाचं?"

तिच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. मेथी निवडताना बोलते तशी बोलली. काय कमी आहे, काय कमी आहे म्हणून मी तिच्या मागे लागले होते. गरम पोळी खाऊन, "मस्त झालीय गं" म्हणून, मी रोज जिना चढून मीटिंगला जात होते, आणि खाली ही एकटी बसत होती. नाशिकला मावशी आहे. मावशीला मीटिंग नसतात.

मला रडू आलं. लपवलं नाही. 'थांब ना' असं ओठांवर आलं होतं, पण कुठल्या तोंडानं म्हणणार? ते त्या संध्याकाळपासून मी म्हणणंच सोडलं.

"फेब्रुवारीत नाशिकला येते मी," नाक पुसत म्हटलं. "चांगले दोन आठवडे. आपण त्र्यंबकला जाऊ, मावशीला घेऊन द्राक्षांचे मळे बघू, मिसळ खाऊ, मी सगळं ठरवते..."

"ये," आई म्हणाली. "पण नुसती बसायला ये."