आवडाबाईची पहिली सही

टेंभी नाक्याजवळच्या एका गाळ्यात गुरुदत्त टिपणीसचा शेअरचा धंदा होता. धंदा म्हणजे काय, तर एक टेबल, दोन बाकं, खळीची बाटली, शिक्क्याचं पॅड आणि फोर्टमधल्या दलालाशी बोलायला एक फोन, जो गरजेच्या वेळी हटकून मुका व्हायचा. मानपाड्याच्या कारखान्यातली कायमची कारकुनी सोडून त्याने हे दुकान मांडलं, तेव्हा त्याची बायको सुमेधा दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनेच गाळ्याला पडदा शिवून दिला.

संध्याकाळी बाकांवर जागा मिळायची नाही. शाळामास्तर, बँकेतले, पोस्टातले, सगळे चहा पीत भावांवर बोलायचे. यातले निम्मे शेअर घ्यायला नव्हे, बोलायलाच यायचे. गुरुदत्तला त्याचं काही वाटत नसे. त्याला माणसं हवी असत, आणि त्याहून जास्त त्यांच्या सह्या.

शेअर विकायचा तर फॉर्मवरची सही कंपनीकडे असलेल्या सहीशी तंतोतंत जुळावी लागे. म्हणून गुरुदत्तने एक लांबट वही केली होती. कुठल्याही कागदाला हात लावायच्या आधी माणसाने वहीतल्या आपल्या पानावर सही करायची, मागच्या सहीशी ताडून बघायची, मगच फॉर्म. या वहीचा त्याला मोठा अभिमान. शेजारच्या बाळ मास्तरांच्या सहीची शेपटी भाव चढले की लांबायची आणि पडले की आखडायची. गुरुदत्त त्यांना दरडावायचा, "मास्तर, शेपूट आवरा!" तोंडं विसरेन पण सही विसरणार नाही, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

आवडाबाई कोपरीची कोळीण. टिपणिसांच्या घरी वडिलांच्या वेळेपासून मासे तीच आणायची, आणि सोमवार-गुरुवार सोडले तर त्या घराचं मासळीवाचून पान हलत नसे. अठ्ठ्याऐंशी साली एका दुपारी ती रिकामी पाटी घेऊन गाळ्यात आली आणि मास्तरांच्या शेजारी बसली.

"भाऊ, मना पन एक कागद भरा. हे सगले भरतान, मंग मी काय पाप केलंय?"

एका नव्या कंपनीच्या अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. आवडाबाईला लिहिता येत नव्हतं. अंगठा लावायचा तर मॅजिस्ट्रेटचा शिक्का हवा, आणि तो एका दिवसात कोण देणार? गुरुदत्तने तिच्या बोटांत पेन दिलं, वर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून आधी वहीत, मग अर्जावर ऐटीत लिहिलं, 'आवडा धाकू कोळी'. तेव्हा असंच चालायचं. यात काही चूक आहे, असं त्या बाकावरच्या कुणालाही वाटलं नाही. उलट मास्तर म्हणाले, "वा, काय वळण आहे!"

अर्जांच्या सोडतीत आवडाबाईचं नशीब फळफळलं. शेअरचा कागद आला, तो तिने सुकटीच्या डब्याशेजारी ट्रंकेत ठेवला आणि विसरून गेली. तिच्या या विसरण्यानेच तो वाचला. ब्याण्णवच्या वसंतात सारी दुनिया शहाणी झाली होती. रिक्षावालेसुद्धा गुरुदत्तला भाव सांगायचे. मग शेअरबाजारातला तो मोठा घोटाळा बाहेर आला, बाजार कोसळला आणि गाळ्यातली दोन्ही बाकं रिकामी झाली. मास्तर तर पुढे कित्येक महिने गाळ्यासमोरचा रस्ता टाळून, वळसा घालून शाळेत जायचे. गुरुदत्तला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं.

बाजार हळूहळू सावरला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. शब्दावर चालणारा व्यवहार कागदावर आला आणि कागदाला भिंग लागलं. बनावट कागदांच्या भीतीने कंपन्या सहीतला काना-मात्रा तपासू लागल्या. दलालाच्या हाताखालच्या माणसांनाही सरकारदरबारी नोंदणी सक्तीची झाली. गुरुदत्तचा अर्ज फोर्टच्या दलालामार्फत गेला होता. नोंदणी मिळाली तर गाळा राहणार, नाहीतर कुलूप.

अशात चौऱ्याण्णव साली आवडाबाई आली. खाडीचं पाणी काळं पडलं होतं, मासळी लांब गेली होती. होडीला इंजिन बसवल्याशिवाय तिच्या मुलाचं, परशुरामचं भागणार नव्हतं. मच्छीमार सोसायटीत इंजिनासाठी त्यांची पाळी लागली होती, पण दिवाळीआधी पैसे भरले नाहीत तर पाळी पुढच्याला. तिने शेअर विकायला दिले, वहीत आणि फॉर्मवर सही केली; घाईत गुरुदत्तने ती मागच्या सहीशी ताडून बघितली नाही. एका पंधरवड्यात सुकटीचा वास मारणारे ते कागद परत आले. वर चिठ्ठी होती, सही जुळत नाही.

जुळणार कशी? मधल्या काळात आवडाबाई कोपरीच्या शाळेत साक्षरतेच्या वर्गाला गेली होती. आता ती आपल्या हाताने सही करायची, मोठी, ठसठशीत, थोडी वाकडी. गुरुदत्तने तिच्यासमोर नवा फॉर्म ठेवला आणि पूर्वीसारखा तिच्या हातावर हात ठेवला. पण हा हात आता मऊ नव्हता. त्याला आपली अक्षरं ठाऊक होती. पेन दोघांनी दोन दिशांना ओढलं आणि कागदावर चिंबोरी चालल्यासारखी रेघ उमटली.

"भाऊ, तुमी हात सोडा," ती म्हणाली. "मना येतंय."

एकच वाट होती. बँकेच्या मॅनेजरचा शिक्का आणि सही का बदलली याचं प्रतिज्ञापत्र. असली प्रतिज्ञापत्रं गुरुदत्तने पाच-पन्नास लिहिली होती. त्यांतलं एक ठरलेलं वाक्य असायचं, ते त्याने सवयीने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "वार्धक्यामुळे माझा हात कापतो, त्यामुळे माझ्या सहीत फरक पडला आहे."

आवडाबाईने कागद हातात घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने तो पुन्हा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"यावर मी सही नाय करनार. हात बिगरला असा कशाला लिवता? माजा हात सुधारलाय."

"अहो आवडाबाई, नुसतं लिहायचं असतं. इंजिन हवं ना?"

"इंजिन पायजे. पन खोटा लिवायला मी शिकले नाय."

घरी सुमेधा म्हणाली, "अहो, समजवा ना त्यांना. खरं लिहिलंत तर पहिली सही कुणाच्या हातची हे तुम्हालाच सांगावं लागेल. या दिवसांत नोंदणी देईल का कुणी तुम्हाला?"

गुरुदत्तने पिशवीतून वही काढली आणि आवडाबाईचं पान उघडलं. अक्षर तिचं नव्हतंच. 'ळ'ला शाळेत असल्यापासून तो जी गाठ मारायचा, ती तिथे स्वच्छ दिसत होती. जन्मभर लोकांच्या सह्या पारखणाऱ्या या शहाण्याला स्वतःचं अक्षर सहा वर्षं ओळखता आलं नव्हतं! त्याला शरम वाटली, आणि हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने नवं प्रतिज्ञापत्र लिहिलं. पहिली सही मी त्यांचा हात धरून केली होती, त्यानंतर त्या लिहायला शिकल्या, आता ही त्यांची स्वतःची सही आहे. खाली आवडाबाईने जीभ दातांत धरून सही केली. तिच्याखाली त्याने केली.

कंपनीने ते मान्य केलं. दिवाळीच्या चार दिवस आधी होडीला इंजिन बसलं. ज्याच्या हातून ते कागद गेले होते तो फोर्टचा दलाल मात्र फोनवर म्हणाला, "टिपणीस, माणूस म्हणून तुम्ही सोन्यासारखे. पण आता दिवस तसे नाहीत." नोंदणीचा अर्ज परत आला. पुढच्या गुढीपाडव्याला गुरुदत्तने गाळ्याचा पडदा उतरवला आणि डोंबिवलीत एका नव्या कॉम्प्युटरवाल्या ऑफिसात नोकरी धरली. तिथे भाव पडद्यावर पळायचे आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. वर्षं गेली, शेअरचे कागदही जाऊन नुसत्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी उरू लागल्या. सह्यांची वही रद्दीत घालायची वेळ आली, तेव्हा त्याने त्यातलं एक पान तेवढं फाडून ठेवलं. ती बाकं, तो चहा, मास्तरांची शेपटी, सगळ्याची त्याला फार आठवण यायची.

एका रविवारी आवडाबाई पापलेट घेऊन आली, तेव्हा त्याने ते पान तिच्यापुढे धरलं. वर जुनी, गाठीची सही. खाली चौऱ्याण्णवची वाकडी. तिने दोन्ही वाचल्या.

"ही तुमची, ही माजी," ती म्हणाली. "तुमची देखनी हाय, भाऊ. पन इंजिन माज्या सहीवर आलं."

"आलं खरं," गुरुदत्त म्हणाला. मग त्याने पेन काढून तिच्या हातात दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात मागे घेतले. "करा आणखी एक. पान अजून भरलेलं नाही."