परक्या कुंपणातली तगर

मुंबई आमच्या गावच्या धक्क्यावरून दिसायची. हवा स्वच्छ असली तर गिरण्यांची धुराडी मोजता यायची. लाँचने दीड तास लागे. माझ्या मुलीच्या पायावर इलाज मुंबईत होता, आणि आम्ही मिठाच्या ट्रकमध्ये बसून बरोबर उलट्या दिशेला, देवाला विचारायला गेलो. मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. आपला पाय असाच राहणार होता, असं तिला अजून वाटतं. म्हणून लिहिते.

न्हावा शेव्याच्या बाजूला, आता जिथे बंदराचे कंटेनर एकावर एक उभे असतात, तिथे आमची मिठागरं होती. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. मुलगी जन्मली तेव्हाच तिचा उजवा पाय आत वळलेला होता, तळवा दुसऱ्या पायाकडे बघत असलेला. सुईण म्हणाली, तेल लावा. मी नऊ महिने तेल लावलं. मग शाळेत देवी टोचायला मुंबईचा एक डॉक्टर आला. त्याने तो पाय हातात घेतला, अंगठ्याने दाबला, आणि पाऊल थोडं सरळ झालं. मी स्वतः बघितलं. सोडल्यावर परत वळलं.

"हाड कोवळं आहे," तो म्हणाला. "प्लास्टर घालून घालून सरळ होईल. पण ही चालायला लागायच्या आत आणा. एकदा त्या पावलावर उभी राहिली की मग माझ्या हातात काही नाही. आणि वडिलांना बरोबर आणा, कागदावर सही लागेल."

त्याने मोठ्या दवाखान्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. मी चौथी शिकलेली, मला ते वाचता आलं. चिठ्ठी मी तांदळाच्या डब्यात ठेवली.

सासरे म्हणाले, कौल घेतल्याशिवाय नाही. त्यांचा धाकटा भाऊ पोट फाडून घ्यायला मुंबईला गेला होता, देवाला न विचारता, आणि होडीतून झाकून परत आला होता. तेव्हापासून आमच्या घरात माणसाच्या अंगाला डॉक्टरचा हात लागायचा तर आधी देवाचा कौल. सासरे वाईट माणूस नव्हते. नातीला मांडीवर घेऊन भात भरवायचे. पण शब्द त्यांचा. नवऱ्याने वडिलांपुढे कधी मान वर केली नाही, आणि मी सून.

आमचा देव हरिहरेश्वराच्या अलीकडे एका वाडीत. छोटं कौलारू देऊळ, आत काळा पाषाण. गुरव दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या घराण्याचा नियम असा की कळ्या आपल्याच अंगणातल्या हव्यात, घरच्या सुनेने आंघोळ करून खुडलेल्या. देव फुलावरून घर ओळखतो.

अंगणात फूलझाड एकच, तगर. तेही मी लावलेलं. माझं माहेर पेणच्या पुढे डोंगराकडे, गोड्या पाण्याचं. सासरी आले तर जमीन खारट, विहीर खारट, वारासुद्धा खारट. पहिली दोन रोपं मुळाशी मीठ लागून जळाली. तिसऱ्या वेळी माहेरहून माती पाट्यांनी आणली, खालचा खारटपणा वर येऊ नये म्हणून तळाशी नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, घातली, आणि तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं घातलं. सासूबाई म्हणायच्या, "मिरची लाव की. फुलं काय कालवणात घालशील?" झाड जगलं. पांढरं व्हायचं नुसतं.

त्या वाडीपर्यंत तेव्हा एस.टी. जात नव्हती. चैत्रात एक ट्रक तळा गावच्या व्यापाऱ्याला मीठ घालायला निघाला. ड्रायव्हर सासऱ्यांच्या ओळखीचा. तळ्याला गोणी उतरवून पुढे देवाकडे सोडतो म्हणाला. पहाटे आंघोळ करून मी ओंजळभर कळ्या खुडल्या, केळीच्या पानात घातल्या, वरून ओलं फडकं. सासरे ड्रायव्हरजवळ पुढे बसले. मागे गोण्यांवर आम्ही: सासूबाई, नवरा, मी आणि दहा महिन्यांची मुलगी. तिने नुकतं गोणीला धरून उभं राहायला सुरुवात केली होती. मी तिला सारखी खाली बसवत होते.

पेण येईपर्यंत उन्हं चढली. फडकं वाळलं. ट्रकमध्ये प्यायचं पाणी एक कळशी, ती मुलीसाठी. मी पान उघडून पाहिलं तर दोन कळ्या फुलून गेलेल्या. सासूबाईंनी बघितलं.

"आण इकडं," त्या म्हणाल्या. "मिठात घाल. गोण गार हाय बघ खालून."

"मिठात?"

"म्हावरं चार-चार दिस टिकतं ना? मग फूल न्हाय टिकायचं? फूल तर वास पन न्हाय मारीत."

त्यांनी कडेच्या गोणीची शिवण दातांनी तोडली. ड्रायव्हर मागच्या खिडकीतून ओरडला, "आजी, गोण फोडली तर शेटला काय सांगू?"

"सांग, देवानं हिस्सा घेतला!"

सगळे हसले. मीही हसले. आणि ते पान मीच, माझ्या हाताने, कोपरापर्यंत हात घालून गोणीत खुपसलं. सासूबाईंना मी दोष देत नाही. मीठ मुळाला लागलं की तगर जळते हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. तीन वर्षं मी तेच करत होते, झाडापासून मीठ लांब ठेवत होते. तरी मला त्या वेळी सुचलं नाही. मिठाच्या घरात राहिलं की वाटतं, मीठ सगळंच राखतं.

तळ्याला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. सासरे आणि ड्रायव्हर चहाला गेले. हमाल गोण्या उतरवायला लागले, तेव्हा मी पान बाहेर काढलं. पान फाटलं होतं, ओल्या फडक्याने मीठ ओढून घेतलं होतं. कळ्या तांबूस, मऊ, मेथीची भाजी शिजवावी तशा.

"अगं बाय," सासूबाई म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "समोर बघ."

रस्त्याच्या पलीकडे एक घर होतं. कुंपणाला तगर, आमच्यापेक्षा दुप्पट उंच. एक म्हातारी बाई ओसरीवर चिंच फोडत बसली होती.

"तगर ती तगर," नवरा म्हणाला. "देवाला काय कलतं?"

"बाबांना कललं तर?" मी म्हटलं.

"सांगतंय कोन?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने वडिलांच्या मागे केलेली ही पहिली गोष्ट. मी त्या बाईकडे गेले. म्हटलं, देवाला कळ्या हव्यात.

"घे गं, लागंल तेवढ्या," ती म्हणाली. "कुठल्या देवाला?"

मी सांगितलं.

"माजंबी नाव घे त्याच्यापुढं." चिंचेवरून तिने डोकंही वर केलं नाही.

मी ओंजळ भरली. सासूबाईंनी त्या कळ्या आमच्याच फडक्यात, नव्या पानात बांधल्या. मिठातल्या कळ्या नवऱ्याने गटारात टाकल्या. सासरे परत आले, आणि आम्ही रिकाम्या ट्रकमधून पुढे निघालो. मुलगी मोकळ्या जागेत खूश होती. रांगत या फळीपासून त्या फळीपर्यंत जायची आणि फळी धरून उभी राहायची.

रात्री धर्मशाळेत राहिलो, सकाळी देवळात गेलो. गुरवाने दोन कळ्या लावल्या. सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं: नातीचा पाय डॉक्टरच्या हातात द्यायचा का, देवा, उजवा दे नाहीतर डावा दे. बोलणं संपलं आणि उजवी कळी पडली. इतकी पटकन की मी श्वासही सोडला नव्हता. सासऱ्यांनी नातीला उचललं आणि तिचा तो वाकडा पाय देवापुढे धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, सुटलो. मनात मी दवाखान्याची चिठ्ठी डब्यातून काढूनसुद्धा ठेवली.

मग गुरवाने रीतीप्रमाणे विचारलं, "कळ्या घरच्याच ना?"

"व्हय," नवरा म्हणाला.

मी मान हलवली.

सासूबाई एकदम खाली बसल्या. "न्हाय," त्या म्हणाल्या. "न्हाय हो. देवाशी खोटं नको. उद्या पोरीच्या अंगावर उलटंल. कळ्या तळ्याच्या हायेत. परक्या कुंपणातल्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या रडत होत्या, त्या पोरीसाठीच रडत होत्या. तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला, हे खरं लिहिते.

सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आलं असतं. त्यांनी त्या पडलेल्या कळीकडे बघितलं. म्हणाले, "मग हा उजवा तळ्याच्या त्या बाईचा. तिच्या घरात काय अडलं असंल ते बरं व्हईल." मुलीला त्यांनी माझ्याकडे दिलं. "आपल्याला परत यायला लागंल."

परत म्हणजे कधी? ट्रक मिठाबरोबर चालायचे. पुढचा ट्रक ठरेपर्यंत वळीव झाला, मग पावसाळा. नवं मीठ पडणार पौष-माघात. मी नवऱ्याला म्हटलं, आपणच जाऊ या लाँचने, बाबांना नंतर सांगू. तो म्हणाला, "बघू." सासऱ्यांसमोर म्हटलं, तर ते म्हणाले, "देवाचं काम अर्धं ठेवून जायचं?" एकटी गेले असते तर कागदावर सही कोणाची? पावसात लाँचही बंद झाली.

त्या पावसाळ्यात मी एकच काम केलं. मुलीला उभं राहू दिलं नाही. दिवसभर झोळीत ठेवायची, नाहीतर लुगड्याने माझ्या पाठीला बांधायची. ती रडायची, लाथा मारायची. सासूबाई ओरडायच्या, "पोरीला पांगली करतेस काय?" मी गाठ आणखी आवळायची. भात लावायला गेले की मात्र ती घरी. श्रावणात एका संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन परत आले तर ओसरीवर सगळे टाळ्या वाजवत होते. मुलगी खांबापासून आजोबांपर्यंत चार पावलं चालली. उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टेकवत, तळवा आत. सासऱ्यांनी तिला उचलून गूळ भरवला.

मी पाय धुवायला विहिरीवर गेले.

माघात आम्ही पुन्हा ट्रकने गेलो. कळ्या या वेळी मी कळशीच्या तोंडावर ठेवल्या आणि वाटेत पाणी कोणाला पिऊ दिलं नाही. तळा गावातून जाताना ती चिंचवाली बाई ओसरीवर दिसली नाही. घर उघडं होतं, तगर फुललेली होती. तिला चैत्रात देवाने हो म्हटलं, आणि प्रश्न काय होता ते तिला कोणी सांगितलं नाही. आमचाही कौल उजवाच पडला. मधल्या उशिरात सासऱ्यांना चुकलं-माकलं काही दिसलं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही लाँचने मुंबईला गेलो. सकाळी निघालो आणि दहाच्या आत दवाखान्याच्या बाकावर होतो. डॉक्टर दुसरा होता, तरुण. त्याने तो पाय हातात घेतला आणि अंगठ्याने दाबला. पाऊल हललं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मुलगी रडली.

"चालते का?" त्याने विचारलं.

"धावते," नवरा म्हणाला.

डॉक्टरने जुन्या चिठ्ठीवरची तारीख बघितली, मग आमच्याकडे. "इतके महिने कुठे होता?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने जमिनीकडे.

"पाऊस होता," तो म्हणाला.

डॉक्टर म्हणाला, मोठी झाली की हाड कापून बघता येईल, खात्री नाही. कापायचं म्हटल्यावर पुन्हा कौल लागणार होता. मी ते घरी सांगितलंच नाही, नवऱ्यानेही नाही.