चावडीतली ऐरण

अन्याय झाला तो एका फिरत्या घिसाडी नवरा-बायकोवर. कधी? आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, दिवस कासराभर वर आलेला असताना. गावात कुणाचा तरी नांगराचा फाळ हरवला. पोलीस पाटलाने यांचं पाल उचकटलं. फाळ सापडला नाही, तरी ऐरण उचलून चावडीत नेली. ‘भटक्यांचा भरवसा काय?’ एवढाच पंचनामा!

त्याच दिवशी मी नागपूरच्या सभेला निघालो होतो. मलकापूरच्या पुढे एका लहान स्टेशनावर पाणी प्यायला उतरलो आणि गाडी सुटली. पत्रकांचा गठ्ठा काखेत होता, तेवढा वाचला. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. स्टेशनामागे निंबाखाली यांचं पाल. घिसाड्याने विचारलं, “जेवले काय, भाऊ?” आणि भाकर पुढे केली.

जेवताना मी गठ्ठा शेजारच्या खड्ड्यात ठेवला. बाई ताडकन म्हणाली, “उचला ते! ती ऐरणीची जागा हाये.”

रिकाम्या खड्ड्याच्या काठाला ताजं कुंकू होतं. ऐरण कशी गेली ते घिसाड्याने सांगितलं. मला लाज वाटली. लगेच दौत-टाक मागायला निघालो. “डिप्टी कमिशनरालाच अर्ज लिहितो!”

“लिहा,” ती हसली. “तुमचा कागद पोचेपर्यंत पेरन्या उरकतीन.”

सकाळी तिने भाता डोक्यावर घेतला, नवऱ्याने घण आणि सांडशी. “जिथी ऐरण, तिथी काम,” म्हणाली आणि थेट चावडीपुढे भट्टी पेटवली. बोथट फाळ, वखराच्या पासा म्हणजे लोखंडी पाती घेऊन शेतकरी आले. प्रत्येकाला तिचं एकच उत्तर: “करून देतो, दादा. पन ऐरण आत हाये. पाटलाले म्हना.”

उन्हं तापली, लोखंडाचा ढीग वाढला. पाटील बाहेर आले. “काऊन वं, इथी काऊन दुकान मांडलं?”

“पालात मांडतो, पाटील. ऐरण द्या.”

एक म्हातारा कास्तकार बोलला, “पाटील, तुमचाच सालदार तुमचे फाळ घेऊन बसून राह्यला ना इथी!”

सगळे हसले. पाटलाच्या त्या सालाच्या गड्याने मान खाली घातली. पाटील एकच शब्द बोलले, “न्या!”

चौघांनी बांबूला बांधून ऐरण पालापर्यंत नेली. बाईने तिला हळद-कुंकू लावलं. नवरा हातोडीने नुसतं टकटक करून जागा दाखवी, ती तिथेच घण घाली. पहिला फाळ घेतला तो पाटलाचा.

मी चिडलो. “त्याचा काऊन?”

“लोखंडानं काय केलं, भाऊ? भाता वढा.”

मी भाता ओढत राहिलो. नागपूरची गाडी शिटी देऊन गेली, तिला जाऊ दिलं.

पण ‘न्या’ हा नुसता तोंडचा शब्द आहे, कागदावर काही नाही. पुढच्या गावी दुसरा पाटील, दुसरी चावडी. वाचणाऱ्या, तुझ्या वखराची पास यांनीच पाजवली आहे. तुझ्या गावच्या चावडीत अशी ऐरण दिसली तर हळहळत बसू नकोस. तिघांना हाक मार, बांबू घे, आणि ती बाहेर काढ.