नागुबाईचा टाका, व्यंकटीचा सिलेंडर

भूकंपानंतर पुनर्वसनाच्या गावांत पत्र्याचे शेड उभे राहिले, तेव्हा व्यंकटीनं वेल्डिंगचा हात बसवला. तेव्हापासून पंधरा वर्षं लातुरात घरापुढच्या पडवीतच त्याचं दुकान होतं. खिडक्या, फाटकं, बैलगाडीचे आख, काहीही आणा. गल्लीत त्याच्या हातावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

पुढं शिकवण्या वाढल्या, गल्लोगल्ली होस्टेलं झाली, आणि मालक लोक जिन्याला लोखंड नको, स्टीलचंच रेलिंग पाहिजे म्हणू लागले. स्टीलला आरगॉन गॅसची मशीन लागते. व्यंकटीनं ती आणली, आणि इथंच त्याचं नशीब फिरलं. त्याचा हात जड. ठिणगीवर जोर देऊन काम करायची सवय. पातळ स्टीलला भोकं पडू लागली. बायको नागुबाई त्याच्यासाठी नळ्या कापून, घासून द्यायची. एके दिवशी तिनं सहज मशीनचं हॅंडल हातात घेतलं. गोधडीला दोरा घालणारा हात तो; जोडावर असा सरळ, एकसारखा टाका उमटला की व्यंकटी बघतच राहिला. आधी त्याला हसू आलं. मग ते कुठं गेलं कळलं नाही.

होस्टेल बांधणारे पंचाक्षरीअण्णा नमुना बघायला आले.

"हे कुणाच्या हातचं हो?"

व्यंकटी मशीनची वायर गुंडाळू लागला. नागुबाई पदर सावरत म्हणाली, "माझ्याच."

"मग तीन मजल्यांचं काम तुमचंच. साईटवर बाईंनीच यावं, बरं का व्यंकटी."

त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही.

काम मिळालं तसा आरगॉनचा स्वतःचा सिलेंडर घ्यायचं ठरलं. तोवर शेजारच्या दुकानाचा मागून आणत. दोघं गुरुपादप्पाच्या गॅसच्या गोदामात गेले. गुरुपादप्पा म्हातारा, सरळ माणूस. "घरी बसून काम असंल तर हा मोठा घ्या," तो म्हणाला. "माणसाच्या खांद्याएवढा हाय, लई दिवस पुरतो, सारखं भरायला यावं लागत न्हाई. जिन्यावर, साईटवर जायचं असंल तर हा धाकटा. लवकर संपतो, पण एकटं माणूस उचलतं."

"धाकटाच बरा," नागुबाई म्हणाली.

"मोठाच द्या," व्यंकटी म्हणाला.

"आवो, जिन्यावर कसा न्यायचा?"

"जिन्यावर जायचंय कुणाला? घरी जोडू, तिथं नुसतं बसवू."

नागुबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि मान वळवली.

घरी जोडलेले तुकडे चांगले झाले. पण जिन्याच्या वळणावर ते एकमेकांना भिडेनात. तिथले जोड जागेवरच मारायला हवे होते. व्यंकटीनं नागुबाईला घरी ठेवलं. हातगाडी केली, चार हमाल लावले, ते धूड पहिल्या मजल्यावर चढवताना भिंतीचे कोपरे खरचटले. मग स्वतः जोड मारायला बसला. हात जडच पडला. स्टील काळं पडलं, एका जागी तर आरपार भोक.

पंचाक्षरीअण्णा आवाज न चढवता म्हणाले, "बाईंना का न्हाई आणलं?"

व्यंकटीनं मशीन बंद केली. पायऱ्या उतरून तो घरी आला. नागुबाई पडवीत नळ्या पुसत होती.

"वळणाचा जोड बिघडला," तो म्हणाला. "भोक पडलं."

"मला ठावं होतं तुमी मोठा का घेतला ते," ती म्हणाली. "मी बाहेर जाऊ नये म्हणून."

व्यंकटी खाली बसला. "लोक तुझं नाव घेतात ना, माझ्या पोटात आग पडते, नागू. पंधरा वर्षं ह्या हातानं..." नागुबाईनं तांब्याभर पाणी पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोठा सिलेंडर परत करून धाकटा आणला. नागुबाईनं तो कडेवर घेतल्यासारखा उचलून तिन्ही मजले काम केलं. व्यंकटी मागून तिचे जोड घासून चकचकीत करत गेला. अण्णांनी पुन्हा तारीफ केली, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पोटात पुन्हा चटका बसलाच.

संध्याकाळी सामान आवरताना त्यानं भंगारातली एक नळी उचलली. "दाखव की, हॅंडल कसं धरतीस?"

"मूठ सैल सोडा," नागुबाई म्हणाली. "आवळू नका."