फ्रिज त्यांचा नाही

"साहेब, फ्रिज त्यांचा नाही," मी फोनवर पुन्हा सांगितलं.

"मॅडम, घरात होता. चालू होता. त्यातलं गार पाणी मी स्वतः प्यायलो."

"पाणी त्यांचं होतं. फ्रिज नव्हता."

"आणि सोफा?"

"तोही नव्हता."

पलीकडे सावे साहेब हसले. "मॅडम, विद्यार्थिनी तुमची लाडकी आहे, समजतं मला. पण मी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं." फोन बंद झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कर्जत तालुक्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शिष्यवृत्तीचं कामही माझ्याकडेच आहे. हे काम कोणी मागून घेत नाही. एका स्टाफ मीटिंगला मी उशिरा पोहोचले, तोवर ते माझ्या नावावर लागलं होतं. सरकारी शिष्यवृत्त्या सगळ्या ऑनलाइन असतात, तिथे भांडायला माणूसच सापडत नाही. खासगी ट्रस्टमध्ये सापडतो. म्हणून मला ट्रस्टचं काम जास्त आवडतं.

सावे साहेब अशाच एका मुंबईच्या ट्रस्टचे. हा ट्रस्ट 'फर्स्ट जनरेशन' मुलांना शिकवतो. म्हणजे ज्यांच्या घरातलं आधी कोणीच कॉलेजात गेलेलं नाही अशा मुलांना. फी, होस्टेल, मेस, सगळं ट्रस्ट भरतो. आधी मार्क बघतात, मग मुलाखत घेतात आणि शेवटी 'होम व्हिजिट' करतात. ट्रस्टचा माणूस घरी येतो, घर बघतो आणि कागदावर गुण देतो. घरावर पत्रा असेल तर गुण जास्त, स्लॅब असेल तर कमी. फ्रिज, सोफा, कूलर दिसला की गुण कापले. गरज नसलेल्यांनी पैसे खाऊ नयेत, एवढाच हेतू. हेतूबद्दल माझं भांडण नाही.

आमच्याकडे या व्हिजिटची तयारी कशी होते ते मला पक्कं माहीत आहे. शहाणी माणसं मोटरसायकल मेहुण्याच्या अंगणात लावतात. टीव्ही गोधडीखाली जातो. एका गृहस्थांनी तर भिंतीतला एसी काढून त्या भोकावर देवाचं कॅलेंडर टांगलं होतं. त्यांच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली.

दीपाली ठोंबरेच्या घरी उलटं झालं होतं.

दीपाली माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीतली. वर माथेरानला मोटारी जात नाहीत, हॉटेलांचं सामान घोड्यावरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून जातं. तिचे वडील शंकर हे ते डोक्यावरचं सामान नेणारे. आई सुमन घरचं थोडं भात लावते आणि एरवी दुसऱ्यांच्या शेतावर जाते. दीपाली आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीत पहिली आली. पुण्याला एम.एस्सी.ची सीट मिळाली. फी भरायची मुदत तोंडावर आली होती. आणि खोपोलीच्या एका कारखान्यातून तिला पॅकिंगच्या कामाला बोलावणंही आलं होतं. एकदा पॅकिंगला लागलेली मुलगी केमिस्ट्रीकडे परत येत नाही. हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मुंबईचे साहेब येणार हे कळल्यावर वाडीने काय केलं असेल? बाळाराम या शेजाऱ्याच्या दुकानातला फ्रिज चौघांनी उचलून ठोंबऱ्यांकडे आणला. दिवस मे महिन्याचे, साहेबांना माठातलं पाणी कसं द्यायचं! पलीकडच्या घरात नुकतंच लग्न झालेलं, त्या सुनेच्या आंदणातला सोफा आला. पंखा तिसऱ्या घरचा. कपबशा चौथ्या घरच्या. त्या वाडीत पाहुणा एका घराचा नसतो. साखरपुडा असो की बारसं, वाडीतली चांगली वस्तू त्या दिवशी त्या घरात जाते आणि संध्याकाळी परत येते. कोणी मागत नाही, कोणी आभार मानत नाही.

साहेब सोफ्यावर बसले, गार पाणी प्यायले आणि दीपालीचं नाव खोडून गेले.

ट्रस्टच्या नियमात एक अपील असतं. म्हणजे निकाल पटला नाही तर एकदाच पुन्हा व्हिजिट मागता येते. मी मागितली. सावे साहेबांनी मान्य केली, पण वर सल्लाही दिला. "या वेळी त्यांना सांगा, घर नेहमी असतं तसं ठेवा."

प्राचार्यांनी तर सरळ सांगितलं, "मॅडम, थोडं रिकामं दिसेल असं करा. सगळेच करतात."

मी वाडीत गेले. सुमनताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी समजावून सांगितलं. फ्रिज नको, सोफा नको, चटईवर बसवा, मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"मॅडम, तो मानूस माज्या पोरीच्या कामाला येतोय. त्याला फाटक्या चटईवं बसवू?"

"एक दिवस, सुमनताई."

"तुमच्या घरी पावना आला त तुमी चांगली चादर घालता का काढून ठेवता?"

मी दीपालीकडे पाहिलं. म्हटलं, शिकलेली आहे, ही तरी आईला समजावेल. ती म्हणाली, "मॅडम, पॅकिंगला जाईन मी. पन आईला हे सांगनार नाय."

परतताना मला राग आला, पण त्यांचा नाही. लपवणाऱ्याला पूर्ण गुण आणि मांडणाऱ्याला शून्य, हा कुठला हिशेब? मी ठरवलं, घरातली एकही वस्तू हलवायला सांगणार नाही. हलायचं असेल तर ट्रस्टने हलावं.

दुसऱ्या व्हिजिटला मी सावे साहेबांबरोबर गेले. मुंबईहून येताना खालापूरच्या टोलनाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकून ते आधीच तापलेले होते. दारात पोहोचलो आणि मलाच हसू फुटलं. फ्रिज होता, सोफा होता, पंखा होता. शिवाय या वेळी देवळातला कूलरही आला होता. गेल्या वेळी साहेबांना घाम आलेला वाडीने पाहिला होता.

"मॅडम, हे काय?" साहेब माझ्या कानाशी म्हणाले.

"बसा. पाणी घ्या."

साहेब सोफ्याच्या कडेला बसले. कागद काढून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तेवढ्यात एक पोरगी आत आली, तिने फ्रिज उघडला आणि पेप्सीकोला घेतला. पेप्सीकोला म्हणजे प्लास्टिकच्या नळीतलं रंगीत बर्फ. तिने सुमनताईंच्या हातावर नाणं ठेवलं आणि गेली. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला. आणखी दोन गिऱ्हाइकं आली. मग खुद्द बाळाराम दारातून ओरडला, "वयनी, ताकाच्या पिशव्या दे गं, बाहेर टेंपोवाला थांबलाय!"

फ्रिजचं दार सताड उघडलं. आत वरपासून खालपर्यंत बाळारामचं दुकान होतं. ठोंबऱ्यांची फक्त पाण्याची बाटली होती.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी मान वळवून वायर कुठे जाते ते पाहिलं. ती खिडकीतून बाहेर पडून अंगण ओलांडून शेजारच्या दुकानात शिरत होती. इतक्यात चहा आला, तशी सोफ्याची मालकीण, म्हणजे नव्या सुनेची सासू, पुढे झाली. "साहेब, चहा जरा संबाळून हां. सोफा सूनबायच्या माहेरचा हाय."

साहेबांनी सोफ्याच्या हातावर ठेवलेला कप उचलून हातात धरला. मग सुमनताईंना विचारलं, "म्हणजे यातलं तुमचं काहीच नाही?"

"नाय."

"मग गेल्या वेळी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी लिवत बसलात."

अशा वेळी गप्प बसायला मला फार कष्ट पडतात.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागदावरचं खोडलं, नवीन लिहिलं. आता काम झालं असं मला वाटलं. तर ते उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. एक करू. या सगळ्या वस्तू पाच मिनिटं बाहेर काढा. रिकाम्या घराचा एक फोटो घेतो. कमिटीला पुरावा लागेल."

बाळाराम फ्रिजला हात घालायला पुढे आलाही होता.

"काका, ऱ्हाऊ दे," दीपाली म्हणाली. इतका वेळ ती दाराशी उभी होती. "साहेब, रिकाम्या घराचा फोटो मी देनार नाय."

"अगं, तुझ्याच फायद्याचं आहे."

"माजे मार्क तुमच्याकडं हायत. घर तुमी बघितलंत. आईनं घर तुमच्यासाठी सजवलं. ते उपसून त्याचा फोटो मुंबईला दाखवायचा असंल त नको मला."

शंकर त्या दिवशी कामावर गेले नव्हते. ते कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "बरोबर हाय पोरीचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मध्यस्थी करीन असं त्यांना वाटलं असावं. मुदत मला दिसत होती, खोपोलीचं ते पॅकिंग दिसत होतं. तरी मी म्हटलं, "फोटो असाच काढा, साहेब. भरलेल्या घराचा. आणि पुरावा हवा असेल तर मालकांना शेजारी उभं करा."

"असा फोटो कमिटीने कधी पाहिलेला नाही."

"मग पाहू दे की."

बाळाराम फ्रिजला टेकून उभा राहिला, छाती काढून. सोफ्यामागे सासू-सून. पंख्याची मालकीण केस नीट करून आली. कूलर देवळाचा, म्हणून त्याच्याजवळ गुरव. मध्ये शंकर, सुमनताई आणि दीपाली. कोणीही बिचारं दिसायचा प्रयत्न केला नाही. साहेबांनी फोटो काढला, आणि जाताना त्या फ्रिजमधला एक पेप्सीकोला विकतही घेतला.

चारेक दिवसांनी ट्रस्टच्या कमिटीतल्या एका बाईंचा मला फोन आला. "मॅडम, फाइलला घराचा फोटो हवा असतो. यात एवढी माणसं कोण आहेत?"

"फर्निचरचे मालक."

"सगळे?"

"सगळे. तीन जण सोडून. त्या तिघांचं घर आहे."

बाईंनी 'कळवते' म्हणून फोन ठेवला. मी मनातल्या मनात भांडणाची पुढची वाक्यं जुळवत होते. ती वापरावी लागली नाहीत. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी दीपालीची फी भरली गेली.

ती पुण्याला निघाली तेव्हा मी कर्जत स्टेशनवर गेले होते. बॅग नव्या सुनेची होती. चादर पंख्यावाल्या घरची. पाण्याची बाटली आणि सोबतचा खाऊ बाळारामच्या दुकानातला. सावे साहेब तिथे असते तर त्यांनी पुन्हा गुण कापले असते.

आता दर वर्षी होम व्हिजिटला नवीन माणूस आला की मी त्याला आधी माझ्या टेबलाशी बसवते. सांगते की पेन उघडण्याआधी घरच्या बाईला विचारा, हे कोणाचं आहे. ती खरं सांगेल. आणि रिकाम्या घराचा फोटो हवा असेल, तर एसीच्या भोकावर कॅलेंडर टांगणाऱ्यांचा पत्ता मी देते, तिथे जा.